जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहात एका नावाचा माग कसा काढावा

डिजिटल वृत्तपत्रसंग्रहात एखादं नाव टाकलं की क्षणात हजारो निकाल येतात, आणि कोणत्या दशकात किती, याचा तक्ताही बऱ्याचदा शेजारीच असतो. तक्ता चढताना दिसला की नाव लोकप्रिय झालं, उतरला की मागे पडलं, असा अर्थ लगेच काढला जातो आणि तो बहुतेक वेळा चुकतो. संग्रह हा जनगणनेचा तक्ता नव्हे. नाव किती जणांना होतं हे त्यातून कळत नाही. ते छापायची वेळ कधी, कोणासाठी आणि कशामुळे आली, एवढं मात्र नीट कळतं. नाव, त्याचे आकडे आणि त्यामागचा प्रसंग यांची सांगड कशी घालायची, त्याची ही पद्धत.

उदाहरणाला 'फ्लॉरेन्स' हे इंग्रजी नाव घेतलं आहे, कारण या कामातले जवळपास सगळे सापळे त्या एका नावात सापडतात. ते मुलीचं नाव आहे, इटलीतलं मोठं शहर आहे, अमेरिकेतल्या अलाबामा आणि साउथ कॅरोलायना राज्यांतली गावं आहेत, आणि १८६०च्या दशकात त्याच नावाचं शिलाई मशीनही जाहिरातींत झळकत होतं.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

'फ्लॉरेन्स हे नाव कधी आलं' हा प्रश्न शोधता येत नाही. 'ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांत १८४० ते १९१० या काळात व्यक्तीचं नाव म्हणून फ्लॉरेन्स कोणत्या प्रकारच्या मजकुरात छापलं गेलं' हा शोधता येतो. प्रदेश, काळ आणि 'व्यक्तीचं नाव म्हणून' ही अट, तिन्ही कागदावर हवीत. अट लिहिली नसेल तर शंभराव्या निकालापर्यंत आपणच सैल होतो आणि फ्लॉरेन्स नावाच्या घोड्यालाही मोजून बसतो.

नावाची रूपं गोळा करा

शोधपेटीत हात घालण्याआधी एक तक्ता करा. त्यात चार गट हवेत.

पहिला गट घरगुती रूपांचा: फ्लो, फ्लॉरी, फ्लॉसी. बक्षिसांच्या याद्यांत आणि नाटकांच्या जाहिरातींत ही रूपं भरपूर येतात. दुसरा गट स्पेलिंगच्या फरकांचा: मधल्या 'ई'च्या जागी 'ए', शेवटच्या 'सी-ई'च्या जागी 'एस-ई'. तिसरा गट संक्षेपांचा. पुरुषांच्या नावांत हा फार महत्त्वाचा आहे. जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांत विल्यम हे 'डब्ल्यू-एम', जॉर्ज 'जी-ई-ओ', जेम्स 'जे-ए-एस' आणि जॉन चक्क 'जे-एन-ओ' असं छापलेलं असतं. फक्त पूर्ण रूप शोधलं तर न्यायालयाच्या बातम्या आणि मतदारांच्या याद्या मोठ्या प्रमाणात हातून जातात.

चौथा गट इतर भाषांचा, आणि इथे एक सोय आहे. जर्मनमध्ये शहराचं नाव 'फ्लोरेन्झ' आणि इटालियनमध्ये 'फिरेन्झे'. त्यामुळे जर्मन वृत्तपत्रांत 'फ्लॉरेन्स' हे इंग्रजी स्पेलिंग आलं, तर ते बहुधा व्यक्तीचं नाव असतं. फ्रेंचमध्ये मात्र शहर आणि मुलगी यांचं स्पेलिंग एकच, म्हणून तिथे गोंधळ कायम राहतो. तुमचं नाव शहर, महिना, फूल किंवा गुण यांच्याशी जुळत असेल, तर ज्या भाषेत ते वेगळं पडतं तिथून सुरुवात करा. मे, रोझ, ग्रेस, विल, मार्क ही नावं इंग्रजीत एकटी शोधण्यात अर्थ नाही. बहुतेक संग्रह लहान-मोठं अक्षर ओळखत नाहीत. अशी नावं फक्त जोडशब्दात शोधायची: 'मिस रोझ', 'रोझ' आणि आडनाव.

संग्रह काय मोजतो ते तपासा

मोफत संग्रहांत ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह', न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'पेपर्स पास्ट', अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका', नेदरलँड्सचं 'डेल्फर', फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गॅलिका' आणि ऑस्ट्रियाचं 'अ‍ॅनो' हे मोठे आहेत. ब्रिटनसाठी 'ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह' आहे, पण पानं उघडून वाचायला साधारणपणे वर्गणी लागते.

ट्रोव्ह आणि पेपर्स पास्ट लेखागणिक निकाल देतात, क्रॉनिकलिंग अमेरिका पानागणिक. एका पानावर फ्लॉरेन्स पाच वेगवेगळ्या बातम्यांत असेल, तर पहिल्या दोघांत पाच निकाल येतील आणि तिसऱ्यात एक. म्हणून दोन संग्रहांचे कच्चे आकडे एकाच आलेखावर कधीही ठेवू नका.

पानागणिक संग्रहात आणखी एक धोका आहे. 'फ्लॉरेन्स हवं, पण इटली नको' अशी वजाबाकी केली की 'इटली' शब्द असलेलं अख्खं पान बाद होतं. मोठ्या आकाराच्या पानावर सात-आठ रकाने असतात. तिसऱ्या रकान्यातल्या लग्नाच्या बातमीचा पाचव्या रकान्यातल्या इटलीच्या तारेशी काही संबंध नसतो, तरी तीही जाते. वजाबाकीपेक्षा शेजारचा शब्द जोडणं केव्हाही बरं: 'मिस फ्लॉरेन्स', किंवा 'फ्लॉरेन्स' आणि 'डॉटर' पाच शब्दांच्या आत.

मग संग्रहाचा काळ बघा. ट्रोव्हमधली बहुतेक वृत्तपत्रं स्वामित्वहक्काच्या मर्यादेमुळे १९५४ला थांबतात. पुढचे अंक मोजक्याच वृत्तपत्रांचे आहेत. त्यामुळे तिथे कुठलंही नाव टाका, १९५५पासून आलेख कोसळतो. हे नावाचं पडणं नाही, संग्रहाचं संपणं आहे.

ओसीआर किती गाळतं याचा हिशोब

शोध चालतो तो छापील पानावर नाही, तर यंत्राने पान वाचून तयार केलेल्या मजकुरावर. या यंत्रवाचनालाच ओसीआर म्हणतात. यंत्र प्रत्येक अक्षर ९८ टक्के अचूक वाचतं असं धरा. ऐकायला उत्तम वाटतं. पण फ्लॉरेन्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आठ अक्षरं आहेत, आणि आठही बरोबर येण्याची शक्यता उरते सुमारे ८५ टक्के. अचूकता ९५ टक्क्यांवर आली, तर ६६ टक्के. म्हणजे खराब मायक्रोफिल्मवरून स्कॅन केलेल्या वर्षांत तीनातलं एक फ्लॉरेन्स नुसतं ओसीआरमुळे गायब. चांगल्या छपाईच्या दशकात हीच गळती कमी असते, आणि नाव 'वाढल्यासारखं' दिसतं.

चुका ठरावीक असतात. 'ई'चं 'सी' किंवा 'ओ' होतं, मोठ्या 'एफ'चं 'ई' किंवा 'पी', 'एन'चं 'यू'. ओळीच्या शेवटी शब्द तुटला तर 'फ्लॉर' एका ओळीत आणि 'एन्स' पुढच्या ओळीत जातं. वाइल्डकार्ड (कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारं चिन्ह) चालत असेल तर शेवटच्या दोन-तीन अक्षरांच्या जागी ते वापरून बघा, पण त्यातून 'फ्लॉरेन्टाइन'सारखे शब्दही येतील.

लहान नावांत अडचण उलटी असते. एडा हे तीन अक्षरी इंग्रजी नाव यंत्र सहज बरोबर वाचतं. पण 'कॅनडा' आणि 'नेवाडा' हे शब्द ओळीअखेर तुटले की त्यांच्या शेपटातूनही एडाच बाहेर पडते. अशा नावासाठी पहिले पन्नास निकाल पानाच्या प्रतिमेवर तपासल्याशिवाय आकड्याला हात लावू नका.

अठराव्या शतकातली इंग्रजी वृत्तपत्रं असतील तर लांब 'एस' हे 'एस'चं जुनं रूप लक्षात ठेवा. तो 'एफ'सारखा दिसतो आणि यंत्र तसाच वाचतं. म्हणून सूझन आणि जेसी ही नावं मधल्या 'एस'च्या जागी 'एफ' घालूनही शोधावी लागतात. १८००च्या सुमारास हा लांब 'एस' छपाईतून हळूहळू गेला. त्याच सुमारास 'एस' असलेलं एखादं नाव अचानक उसळलं, तर कारण अक्षरात शोधा. जुन्या जर्मन वृत्तपत्रांच्या फ्राक्टूर टायपातही असेच घोटाळे होतात. तिथे 'के' आणि 'टी', तसंच मोठे 'बी' आणि 'व्ही' एकमेकांच्या जागी वाचले जातात. देवनागरीत नाव शोधताना अनुस्वार आणि अर्धा 'न', ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, आणि शिरोरेषा तुटल्याने दोन तुकडे झालेला शब्द, ही सगळी रूपं तक्त्यात घाला.

गळती मोजायची पद्धत सोपी आहे, फक्त वेळ लागतो. प्रत्येक दशकातली २०-३० पानं यादृच्छिक निवडा, स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि नाव जिथे दिसेल तिथे खूण करा. मग त्याच अंकांत शोध लावा. डोळ्यांना ५० वेळा दिसलं आणि शोधाला ३८ वेळा सापडलं, तर त्या दशकाचा सापडण्याचा दर ७६ टक्के. नाव विरळ असेल तर पानं तशीच निवडू नका. जिथे ते असणारच अशा विवाहांच्या रकान्यांतून घ्या. हा दर दशकागणिक वेगळा लिहून ठेवायचा. सरासरी काढून सगळीकडे लावला तर मोजण्याचा उपयोगच राहत नाही.

वर्गवारी: खरं काम इथे आहे

प्रत्येक दशकातून किमान १०० निकाल उघडून, प्रतिमा बघून वर्ग लावा. फ्लॉरेन्ससाठी हे वर्ग पुरतात: शहर किंवा गाव, परदेशी बातमीची डेटलाइन (सुरुवातीला छापलेलं ठिकाण आणि तारीख), जहाज, शर्यतीचा घोडा, वस्तू किंवा कंपनी, कथा-नाटकातलं पात्र, प्रसिद्ध व्यक्ती, सामान्य व्यक्ती, वाचता न येणारं. शेवटचा वर्ग विसरू नका, नाहीतर शंकास्पद निकाल नकळत आपल्याला हव्या त्या बाजूला ढकलले जातात.

पहिले १०० निकाल घ्यायचे नाहीत. संग्रह सहसा ज्या मजकुरात नाव अनेकदा आलं आहे तो वर ठेवतो, आणि फ्लॉरेन्सच्या बाबतीत तो शहरावरचा प्रवासलेख असतो. तारखेप्रमाणे क्रम लावा. निकाल ४,३०० असतील तर दर ४३वा घ्या. पहिला कुठला, हे १ ते ४३मधली चिठ्ठी उचलून ठरवा. काही संग्रह ठरावीक संख्येपुढचे निकाल उघडूच देत नाहीत. तिथे वर्षाचे महिने पाडून शोधा.

आता हा हिशोब बघा. आकडे समजुतीपुरते आहेत. समजा, १८६६मध्ये ४,३०० निकाल आले आणि १००च्या नमुन्यात व्यक्ती १२ निघाल्या: म्हणजे अंदाजे ५१६. १८७६मध्ये निकाल ३,१००, व्यक्ती १००त ३१: अंदाजे ९६१. कच्चा आकडा घटला आणि व्यक्तींचा जवळपास दुप्पट झाला. असं घडण्याचं खरं कारण इतिहासात आहे. १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. त्या वर्षांत इटलीच्या सरकारची प्रत्येक तार 'फ्लॉरेन्स, अमुक तारीख' अशी सुरू होत असे. राजधानी १८७१मध्ये रोमला गेली आणि डेटलाइनही गेली. वर्गवारी न करता काढलेल्या आलेखावर १८६०च्या उत्तरार्धात जो डोंगर दिसतो, तो बराचसा या तारांचा.

पण थांबा, संग्रहाचा आकारही बदललेला असतो. वर्षातले एकूण लेख कळत असतील तर त्यांनी भागा. ते कळत नसतील, तर जवळपास प्रत्येक अंकात येणारा तटस्थ शब्द घ्या. वाराचं नाव चांगलं चालतं. समजा 'ट्यूसडे'चे निकाल १८६६मध्ये ५०,००० आणि १८७६मध्ये ८०,०००. मग प्रमाण होतं १.०३ टक्के आणि १.२० टक्के. दुपटीच्या जवळ जाणारी वाढ सोळा-सतरा टक्क्यांवर आली. त्यातही १००च्या नमुन्यावर १२चा खरा आकडा ६ ते १८च्या मध्ये कुठेही असू शकतो, म्हणून एवढ्या फरकावर काही विधान करू नये. नमुना ४००चा केला की ही अनिश्चितता निम्मी होते. चौपट मेहनत, निम्मी शंका: मोठं विधान करायचं असेल तर ही किंमत द्यावीच लागते.

नाव छापलं जाण्याचे प्रसंग

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी वृत्तपत्रांत जन्माची नोंद साधारण अशी असते: अमुक तारखेला, अमुक गृहस्थांच्या पत्नीस, मुलगी. बाळाचं नाव नसतं, बऱ्याचदा आईचंही नाही. म्हणजे ज्या वर्षी मुलींची नावं फ्लॉरेन्स ठेवली जाऊ लागली, त्या वर्षीच्या जन्माच्या रकान्यात त्याचा पत्ताच नाही. नाव प्रथम दिसतं शाळेच्या बक्षीस समारंभात, सात-आठ वर्षांनी किंवा त्याहूनही पुढे. मग विवाहाच्या रकान्यात, वीसेक वर्षांनी. बालमृत्यूची नोंद मात्र लगेच येते, आणि तिथे नाव असतं. नव्या नावाची सुरुवात शोधायची असेल, तर मृत्यूचा रकाना हाच सगळ्यांत लवकर बोलणारा पुरावा आहे. ते वाचणं जड जातं, पण त्याला पर्याय नाही.

लग्नानंतर नाव पुन्हा बुडतं. 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं नाव-आडनाव, एवढंच छापतात. लग्नाआधीही एक बारकावा आहे: ब्रिटिश रीतीप्रमाणे थोरली अविवाहित मुलगी नुसती 'मिस' आणि आडनाव, धाकट्या बहिणी 'मिस फ्लॉरेन्स' आणि आडनाव. नृत्यसमारंभाच्या निमंत्रितांच्या यादीत फ्लॉरेन्स दिसली, तर ती बहुधा धाकटी असते. थोरल्या फ्लॉरेन्सा तिथे असूनही दिसत नाहीत.

प्रसिद्ध व्यक्तींचंही तसंच. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२०चा, त्याच शहरातला, नावही शहरावरून. क्रिमियन युद्धात त्या १८५४च्या नोव्हेंबरमध्ये इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला पोहोचल्या आणि वृत्तपत्रं त्यांच्याविषयी भरभरून लिहू लागली, पण बऱ्याच बातम्यांत उल्लेख 'मिस नाइटिंगेल' असाच आहे. १८८९च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलला फ्लॉरेन्स मेब्रिक यांना पतीच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं गेलं, तेव्हाही मथळ्यांत 'मिसेस मेब्रिक' होत्या. म्हणून प्रसिद्ध व्यक्तीचा परिणाम बघताना दोन शोध समांतर चालवा: एक नावाचा, एक आडनावाचा. आडनाव उसळलं आणि नाव शांत राहिलं, तर नाव माहीत नव्हतं असं नाही. ते छापायची रीत नव्हती.

उसळी दिसली की

महिनावार आकडे काढा. एकाच महिन्यात उसळी असेल तर सहसा एक घटना असते: खटला, निधन, अपघात. नाइटिंगेल यांचं निधन १३ ऑगस्ट १९१०चं, तिथे अशी उसळी सापडेल. वर्षभर सपाट वाढ असेल तर जाहिरात किंवा क्रमशः छापलेली कथा आहे का बघा. एकच जाहिरात रोजच्या अंकात वर्षभर आली तर तीनशेहून अधिक निकाल होतात. मोजताना त्या सगळ्यांची नोंद एकच धरा.

पुनर्मुद्रण ही याहून मोठी गोष्ट. जुनी वृत्तपत्रं एकमेकांचा मजकूर सर्रास उचलत, आणि तारेने आलेली एकच बातमी डझनावारी ठिकाणी छापली जाई. संशय आला की बातमीतला पाच-सहा शब्दांचा वेगळा तुकडा अवतरणचिन्हांत शोधा. चाळीस वृत्तपत्रांत तोच मजकूर निघाला, तर तक्त्यात दोन स्वतंत्र रकाने ठेवा: मूळ बातम्या १, छापील वेळा ४०. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला घटना सांगतो, दुसरा वाचकांच्या नजरेला नाव किती वेळा पडलं ते.

तारखांची जुळणी करताना बातमीच्या प्रवासाचा वेळ धरा. ऑस्ट्रेलियाचा ब्रिटनशी तारेने संपर्क १८७२मध्ये सुरळीत झाला. त्याआधी लंडनची बातमी जहाजाने यायची, म्हणून १८५४च्या अखेरची घटना तिथल्या अंकांत १८५५मध्ये शोधावी लागते. मेब्रिक खटल्याच्या वेळी हे अंतर दिवसांवर आलं होतं.

नोंदवही

प्रत्येक तपासलेल्या निकालासाठी एक ओळ: वृत्तपत्र, तारीख, पान, रकाना, नाव जसं छापलं आहे तसं, यंत्राने वाचलेलं रूप, वर्ग, पुनर्मुद्रण आहे का, आणि कायमचा दुवा. शोधाच्या पट्टीतला लांबलचक पत्ता कायमचा नसतो. लेखाचा किंवा पानाचा स्वतंत्र दुवा घ्या. जिवंत असू शकतील अशा खासगी व्यक्तींची आडनावं या तक्त्यात लिहूच नका. वर्गवारीला त्यांची गरज पडत नाही.

प्रत्येक शोधाची वेगळी नोंदही हवी: नेमके शब्द, चिन्हं, गाळण्या, 'जवळचे शब्दही दाखवा' ही सोय चालू होती की बंद, मिळालेली संख्या आणि शोध केल्याची तारीख. संग्रहांत नवे अंक सतत भरले जातात, जुन्यांचं ओसीआर पुन्हा केलं जातं, आणि ट्रोव्हमध्ये तर वाचक स्वतः मजकूर दुरुस्त करतात. आजचे ४,३०० पुढच्या वर्षी ४,७०० झाले, तर १८६६ बदललेलं नसतं. सगळी दशकं म्हणूनच एकाच आठवड्यात शोधून घ्यावीत, आणि नवा अंकसंच भरल्याचं दिसलं तर जुन्या तक्त्यात भर न घालता मोजणी पहिल्या वर्षापासून पुन्हा करावी.